मागच्या चाकाची हवा

वीज आली आणि रामूचा कॉम्प्रेसर धडधडू लागला, तेव्हा अनसूया चालत त्याच्या दुकानापर्यंत येऊन पोचली होती.

दर गुरुवारी तिचा नवरा दत्ताराम हाटकेशच्या नाक्यावरच्या या पंक्चरच्या दुकानात आधी एकटा येई, मोटरसायकलच्या चाकांत हवा भरून घेई आणि मग इमारतीच्या फाटकातून तिला घेऊन ठाण्याच्या हॉस्पिटलला निघे. देवळात जावं तसे तुम्ही नेमाने येता, आठ दिवसांत हवा कुठे पळून जातेय का, अशी रामू त्याची थट्टा करायचा. आज वीज गेल्यामुळे तो अर्धा तास अडकला होता. उशीर नको म्हणून तीच खाली उतरली. पाच मिनिटांचं अंतर चालायला तिला वीस मिनिटं लागली.

तिला पाहून दत्ताराम घाईने उठला. कशाला आलीस, मी निघतच होतो, असं काहीसं म्हणाला. स्वतःचं स्टूल त्याने तिला दिलं आणि हँडलला अडकवलेली पिशवी काढून काखेत धरली. पिशवीत हॉस्पिटलची फाइल होती.

रामूने पुढचं चाक उरकलं. नळी मागे ओढत तो म्हणाला, "पीछे अट्ठाईस ही ना, साब?"

दत्तारामने मान हलवली. मग रामूचं लक्ष अनसूयेकडे गेलं. आज भाभी बसणार असतील तर हवा बत्तीस पौंड करावी लागेल, असं त्याने सांगितलं. अठ्ठावीस लहान मुलापुरती ठीक.

"कौन बच्चा?" अनसूयेने विचारलं.

"वही, जिसको साब गुरुवार को ले जाते हैं. साब बोले थे, पीछे अड़तीस किलो बैठता है, खड्डे में बहुत उछलता है. मैं बोला, अट्ठाईस रखो, गाड़ी नरम चलेगी."

टाकी भरली आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला. दत्ताराम शेजारच्या पीसीओच्या पिवळ्या पाटीकडे बघत उभा राहिला.

अनसूया सव्वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वजन करायचं तर नेमकं, म्हणून हॉस्पिटलच्या काट्यावर चढताना ती चपला, घड्याळ आणि चष्मासुद्धा काढून दत्तारामच्या हातात देई. चष्म्याशिवाय तिला पायापाशी असलेला आकडा दिसत नसे. तो वाचून सांगे. गेल्या गुरुवारी त्याने शेहेचाळीस सांगितले होते. त्याच्या आधीच्या गुरुवारीही शेहेचाळीसच.

वजन चाळिसाच्या खाली गेलं तर औषध थांबवावं लागेल, हे डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं होतं. गेले तीन गुरुवार नुसतं सलाइन लावून तिला घरी पाठवत होते. औषध अजून आलेलं नाही, असं दत्ताराम म्हणाला होता. तिला ते खरं वाटलं होतं.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. गाडीच्या चेनकव्हरवर एक लहानसा तक्ता चिकटवलेला होता. एकटा स्वार असेल तर मागे अठ्ठावीस, दोघं असतील तर बत्तीस. वाकून वाचायची तिला गरज नव्हती. गाडी घेतली त्या दिवशी तो तिनेच त्याला मोठ्याने वाचून दाखवला होता.

"अडतीस," ती म्हणाली.

दत्ताराम खालच्या आवाजात बोलू लागला. तोंडाला चव आली की खाणं वाढेल, मग आपोआप. तो लापशीबद्दल काहीतरी बोलला, कुणाच्या तरी बहिणीचं चार किलो वाढल्याचं बोलला, आणि मध्येच थांबला.

"बत्तीस करो," तिने रामूला सांगितलं.

"अगं, लागेल तुला. गायमुखच्या घाटात नुसते खड्डे आहेत."

"तुम्ही मला सांगितलेल्या वजनाला बत्तीसच लागते."

रामूने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तो मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. बत्तीस भरून झाल्यावर त्याने दोनदा मीटर लावून पाहिलं. खांद्यावरच्या फडक्याने मागची सीट पुसली. असं तो कधी करत नसे.

अनसूया स्टुलावरून सावकाश उठली. आज काट्यावर मी चष्मा काढणार नाही, असं तिने दत्तारामला सांगितलं. तो हो म्हणाला. पिशवी त्याने पुन्हा हँडलला अडकवली.

त्याने किक मारली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसला. इतकी वर्षं ती मागे बसली की गाडी जराशी दबायची आणि तेवढ्यावर तो गिअर टाकायचा. बसलीस का, असं कधी विचारावं लागलं नव्हतं.

इंजिन चालू होतं. रामू दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. दत्ताराम समोर बघत थांबून राहिला.

"बसलेय मी," अनसूया मागून म्हणाली.