पुढचा पट्टा

पट्ट्याची गुंडाळी पाइपांवर आपटून पुन्हा खाली आली, तेव्हा मुकादमाने चहाचा कप बाजूला ठेवला.

"हात आखडला की काय रे?"

"वारा आहे," ड्रायव्हर म्हणाला. यार्डात पानही हलत नव्हते.

ट्रक बिनफाळक्यांचा होता. केबिनच्या मागे नुसती लांब, सपाट पाठ. क्रेनने तिच्यावर लोखंडी पाइपांच्या मोळ्या रचल्या होत्या. लांब मोळ्या खाली, आखूड वर, आणि वरच्या सगळ्या पुढे, केबिनच्याही माथ्यावर गेलेल्या. क्रेनने माल ठेवायचा आणि पट्टे पलीकडे टाकून तो आवळायचा ड्रायव्हरने, असा यार्डाचा नियम होता. मागचे पट्टे त्याने डाव्या हाताने कसेबसे टाकले होते. पुढचा जात नव्हता. उजवा हात गेले काही आठवडे खांद्यापाशीच अडत होता आणि ही गोष्ट त्याने घरीदेखील सांगितली नव्हती. ज्याला बांधता येत नाही, त्याला गाडी नाही. या ट्रकवर आधी जो होता, त्याचे नाव असेच एका सकाळी फळ्यावरून पुसले गेले होते.

"सोड ती गाडी," कंटेनरवाला म्हणाला. तो स्वतःच्या गाडीच्या सावलीत टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. "बंद पेटीवर ये. दार लावलं, कुलूप घातलं, सुटलो."

"आणि आत काय आहे ते?"

"मला काय करायचंय? हत्ती भरला असला तरी मी बटाटेच समजून नेतो."

"मला आपलं मागचं दिसलेलं बरं वाटतं. शिवाय बांधणीचे पैसे वर मिळतात."

"हा झाला फायदा. तोटा?"

"तोटा हाच, की मागचं दिसतं."

मुकादमही हसला. कंटेनरवाला मात्र हसता हसता थांबला, त्याने ड्रायव्हरच्या लोंबत्या हाताकडे पाहिले आणि उठत म्हणाला, "आण इकडे. मी टाकतो."

"नको. माझा हात काही गहाण पडलेला नाही."

मुकादमाचा फोन वाजला आणि तो पाठ करून बोलू लागला. ड्रायव्हर ट्रकच्या पाठीवर चढला. एका हाताने मोळ्यांच्या डोक्यावर चढणे शक्य नव्हते. पण वरच्या मोळीची कड डाव्या हाताला येत होती. त्याने पट्ट्याचे टोक ती मोळी ज्या तारेने बांधली होती तिच्यातच अडकवले आणि खालून पट्टा आवळला. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या पट्ट्याने तेच केले. मोळीचा माथा खालून दिसत नव्हता. दोन्हीकडून पाहणाऱ्याला एकच पट्टा वरून गेल्यासारखा वाटला असता.

मुकादमाने येऊन पट्ट्यावर टिचकी मारली. पट्टा खणखणीत वाजला.

"जमलं की. उगाच नखरे करतोस," तो म्हणाला आणि त्याने फाटक उघडायला लावले.

फाटकाबाहेरच्या वळणावर, मुकादमाच्या नजरेआड, ड्रायव्हरची बायको उभी होती. तिची पॅकिंगची पाळी याच वेळेला सुटत असे. ती सवयीने चढून बसली, चपला काढून तिने पाय वर घेतले आणि मागच्या काचेकडे वळून पाहिले. काचेवर पाइपांची गोल, काळी तोंडे ओळीने टेकल्यासारखी दिसत होती.

"सगळे आपल्याकडेच बघतायत," ती म्हणाली. "जेवायला वाढा म्हणतील आता."

तो समोर पाहत होता. पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी सिग्नल. त्याने गाडी हळूहळू कडेला घेतली. ती पूर्ण थांबेपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता.

"उतर."

"का?"

"बसने ये घरी."

"अहो, माझं काही चुकलं का?"

"पुढचा पट्टा खोटा आहे," तो स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला. "जोराचा ब्रेक लागला, तर वरची मोळी सुटून केबिनवर येईल."

तिने पुन्हा मागच्या काचेकडे पाहिले. मग पाय खाली घेऊन तिने चपला घातल्या.

"आणि तुम्ही एकटे नेणार होता?"

त्याने इंजिन बंद केले.

"हात वर करा बघू. तो नाही. उजवा."

हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तिने तो धरून अलगद त्याच्या मांडीवर ठेवला.

"कसा टाकायचा ते सांगा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही बाजूंचे पट्टे सोडवले, एकाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली आणि स्वतः ट्रकच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडे, जाऊन उभा राहिला. मोळ्यांच्या पलीकडची ती त्याला दिसत नव्हती. पट्टा लोखंडावर आपटल्याचा आवाज आला, मग घसरत गेल्याचा.

"आला का?"

"नाही. अजून वर."

यार्डाकडून कंटेनरवाल्याची गाडी आली. त्याने ओळखीचा हॉर्न दिला. ड्रायव्हर चटकन वाकला आणि चाकाच्या नटावर हात ठेवून तपासत असल्यासारखा बसला. गाडी लांब गेल्यावर तो उठला.

"आज होईल हो," पलीकडून तिचा धापा टाकणारा आवाज आला. "उद्या कोण टाकणार?"

"टाक," तो म्हणाला आणि पाइपांच्या माथ्यावरच्या रिकाम्या आकाशाकडे त्याने डावा हात उंच धरला.