चाळीस प्रश्नांचा फॉर्म

बसच्या फेऱ्या कमी करण्याआधी प्रवाशांचं मत घ्यायचं ठरलं, तसा डेपोतला कारकून चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन थांब्यावर गेला. लोक तोंड फिरवतील अशी त्याला धास्ती होती. पण कसलं काय! नर्सबाईंनी सगळी उत्तरं सविस्तर लिहिली, शिंपीकाकांनी पुरवणी मागितली, आणि एका आजोबांनी तर आपला फॉर्म झाल्यावर घरी बसलेल्या बायकोचाही भरला.

"अजून काही विचारायचंय का?" नर्सबाई रस्त्याच्या वळणाकडे बघत म्हणाल्या. "विचारा की! तासभर बसचा पत्ता नाही, ड्युटीची तर वाटच लागली."

कारकून अगदी भारावून गेला. संध्याकाळी त्याने अहवाल लिहिला:

 

"प्रवाशांकडे मुबलक वेळ असल्याचे आढळून आले. सबब फेऱ्या कमी करण्यास हरकत नसावी."