ब्रेक कुणी मारला?

"मॅडम, घाबरून तुमचाच पाय ब्रेकवर पडला असणार," कंपनीचा इंजिनियर तिसऱ्यांदा म्हणाला.

वृषालीताईंची इलेक्ट्रिक गाडी सेल्फ-ड्रायव्हिंगवर असताना कराडजवळ पुलाखालून जाताना आपोआप थांबली होती. मागून टेम्पो धडकला. मागच्या सीटवर बसलेल्या आईच्या मानेला अजून पट्टा होता.

"बसा गाडीत," वृषालीताई त्याला म्हणाल्या.

त्याच रस्त्यावर, मागे कुणी नाही असं बघून त्यांनी गाडी सेल्फ-ड्रायव्हिंगवर टाकली. हात स्टिअरिंगवर ठेवले, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली.

"अहो, हे काय करताय?"

पुलाची सावली रस्त्यावर पडली होती. तिथे पोचताच गाडीने करकचून ब्रेक मारला. इंजिनियरची फाईल काचेवर आदळली.

फाईल उचलून तो हळूच म्हणाला, "तुम्हाला नवी गाडी देऊ. फक्त कुठे बोलू नका."

"मला नवी गाडी नको. ज्यांनी ज्यांनी ही गाडी घेतली, त्या सगळ्यांना आजच कळवा."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की," वृषालीताई म्हणाल्या. "पुढचा पूल यायला पाच मिनिटं आहेत." आणि त्यांनी गाडी पुन्हा सेल्फ-ड्रायव्हिंगवर पुढे काढली.