रूपालीची नवी केबल

मागच्या दोन कार्यक्रमांत भीमगीत चालू असतानाच रूपालीची गिटार जुन्या केबलमुळं खरखरली होती. गायनपार्टीचे मुख्य गायक सांडूमामा म्हणाले होते, "पोरी, अजून एकदा झालं तर तुझ्या जागी कीबोर्डवाला आणतो."

म्हणून तिनं औरंगपुऱ्याच्या बाजारातून चांगली वायर आणि जाड पिना आणून केबल घरीच बनवली. जोड सोल्डर केले, ओढून पाहिले, वाकवून मीटर लावला. कुठंच खोट नव्हती.

छावणीतल्या कार्यक्रमात ती जीव ओतून वाजवत राहिली. ढोलकीच्या दणक्यात तिला स्वतःची गिटार ऐकू येत नव्हती, पण खरखरही नव्हती. शेवटचं गाणं संपताच मामांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. "आज गिटार लई गोड लागली. आता तू कायमची."

केबल काढायला ती साउंडवाल्याकडं गेली. केबलचं दुसरं टोक मिक्सरच्या टेबलाखाली पडलेलं होतं.

"ताई, मागं तुमच्या खरखरीपायी लई बोलणी खाल्ली मी," तो ओशाळून म्हणाला. "आज लावलीच नाय."

स्टेजवरून मामांनी हाक मारली, "रूपाली, रविवारी पण अशीच वाजव गं."

"व्हय मामा," ती म्हणाली.