नळीतले पाणी

सन १९७६ च्या पौषात, नागपूर जिल्ह्यातील नरखेडजवळच्या एका गावी, पाच घरी बसलेल्या गोबरगॅसपैकी चार घरच्या शेगड्या विझल्या आणि एकट्या चंपतरावांची पेटती राहिली. थंडीत नळीत पाणी साचते, ते खालची तोटी उघडून सोडून द्यावे लागते, एवढीच त्यातली मेख. ती त्यांना नागपूरच्या शिबिरात कळली होती.

"चंपतराव, तुमचीच शेगडी कशी जळून राहिली, भाऊ?" शेजारच्या धोंडबाने विचारले.

"तुह्या गाईले सरकी चार गा धोंडबा, शेणात दम पायजे!" चंपतराव मिशीत हसले.

गावातली एकुलती निळी ज्योत आपल्या घरी असावी, हे सुख त्यांना सोडवेना. संध्याकाळी धोंडबाच्या घरातून पुन्हा चुलीचा धूर निघू लागला, तेव्हा मात्र त्यांचे मन त्यांना खाई. उद्या सांगू, असे ते रोज ठरवीत आणि रोज गप्प राहत.

फाल्गुनात ते काटोलला लेकीकडे गेले. सिंधू चुलीपुढे खोकत होती. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. चंपतराव व्याह्यांना म्हणाले, "इवाई, आठ ढोरं आहेत दावणीला. गोबरगॅस काहून नाही बसवत? पोरीचे डोळे जातीन."

व्याह्यांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली.



"बसवणारच होतो. तुमच्याच गावी जाऊन चार घरी पुसून आलो. बेकार वस्तू आहे ते, इवाई."