खोट्या माशाची करामत

कोलंबी लावून मासे कुणीही पकडेल, असं म्हणत भालचंद्रराव आठवडाभर गळाला कोंबड्याची पिसं बांधत बसले होते. पिसांचा तो खोटा मासा पाण्यात चमकावा म्हणून त्यांनी उर्मिलाबाईंच्या लग्नातल्या शालूची जरसुद्धा उसवली.

रविवारी खाडीवरून परतले ते भलीमोठी तांबोशी मिरवतच. पिसांचा गळ तिच्या जबड्यात होता. शेजारी जमले, फोटो झाले. भालचंद्रराव छाती फुगवून म्हणाले, "याला म्हणतात कला! खोट्याला भुलली बघा!"

उर्मिलाबाईंनी राग गिळून मासळी विळीवर घेतली. पाहतात तर पोट आधीच चिरून स्वच्छ केलेलं. बाजारात "साफ करून दे" म्हणायची नवऱ्याची सवय काही सुटली नव्हती.

शेजारी अजून दारातच होते. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, पुढच्या वेळी तिला हळद-मीठ लावूनच गळाला लागायला सांगा."