निहारिकाचा पहिला रिव्ह्यू

"वहिनी, एवढं एक वाक्य काढा," राजीव म्हणाला. "बाकी झकास झालंय."

निहारिकाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तिचा हा पहिलाच रिव्ह्यू. राजीव तसल्या फिल्म दाखवणारी वेबसाइट चालवायचा आणि प्रत्येक फिल्मखाली त्याला थोडासा मजकूर लागायचा. पुण्यात ती एका पेपरच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहायची. सिडनीला आल्यापासून तिच्याकडे कोणी काही लिहून मागितलं नव्हतं. "रिव्ह्यू तो रिव्ह्यू," शैलेंद्रने, तिच्या नवऱ्यानेच, तिला तयार केलं होतं. "तुझं नाव थोडंच जाणार आहे?" राजीव त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त.

शनिवारची दुपार होती. खाली हॅरिस पार्कच्या मिठाईवाल्यासमोर रांग लागली होती. तिथूनच राजीवने येताना जिलबी आणली होती आणि शैलेंद्र तो खोका मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला होता.

"कुठलं वाक्य?" निहारिकाला ठाऊक होतं, तरी तिने विचारलं.

"हे बघा. 'मध्येच ती कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाकडे तरी बघते, हात वर करते. कोणी थांबत नाही.'" राजीवने मान हलवली. "वहिनी, माणूस साइटवर येतो कशाला? दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून येतो बिचारा. त्याला हे कशाला सांगायचं?"

"पण ते आहे फिल्ममध्ये."

"असेल ना. लोकांना दिसत नाही. तुम्ही कशाला दाखवताय?"

निहारिकाने आवाज बंद केला आणि तेवढा तुकडा लावला. पस्तिशीची बाई होती. केस घामाने कपाळाला चिकटले होते. हसत होती, हसत होती, आणि एका क्षणी ते हसू पुसल्यासारखं गेलं. तिने बाजूला पाहिलं. उघडा तळवा पुढे आला, रस्ता ओलांडताना गाडीला थांब म्हणावं तसा. निहारिकाने तिथेच फिल्म थांबवली.

"अ‍ॅक्टिंग आहे हो ती."

"अ‍ॅक्टिंग आधी चालली होती. हा हात अ‍ॅक्टिंग नाहीये."

राजीव मान खाजवू लागला.

"काय एवढं चाललंय तुमचं?" शैलेंद्र बोटं चाटत उठला आणि निहारिकाच्या खांद्यावरून वाकून बघू लागला. त्याला नीट दिसावं म्हणून ती थोडी सरकली. हा तरी बघेल, असं तिला वाटलं. निदान 'अरेरे' म्हणेल. आणि त्याने बघितलंही, तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ. मग तो हसला.

"अरे, ही पण अस्संच करते." त्याने हनुवटीने निहारिकाकडे दाखवलं.

राजीवला आधी कळलं नाही. मग कळलं.

"जरा वेळ हात मध्ये घालते, तोंड फिरवते," शैलेंद्र सांगू लागला. "आपण लक्ष नाही द्यायचं. मग होते नीट." त्याच्या आवाजात राग नव्हता, फुशारकीही नव्हती. जुना गीझर कसा चालतो ते नव्या भाडेकरूला सांगावं, तसं त्याने सांगितलं.

राजीव हसला. हसू नये असं वाटत असूनही हसला, आणि मग खिशातून फोन काढून बघत बसला. फोनवर काहीच आलेलं नव्हतं.

निहारिका स्क्रीनवरच्या तळव्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की अंधारात त्याला दिसत नसेल.

"अहो, मग हेच लिहा ना!" राजीव एकदम म्हणाला. अवघड जागेतून सुटायला त्याला वाट सापडली होती. "शैल्याने आयतं वाक्य दिलंय बघा. 'सुरुवातीला लाजते, मग खुलते.' वाचणाराही खूश, आपणही खूश."

शैलेंद्र पुन्हा सोफ्यावर जाऊन बसला होता.

निहारिकाने आपलं वाक्य एकेक अक्षर करत खोडलं. राजीवचं टाइप केलं. जुन्या सवयीने एकदा वाचून पाहिलं आणि 'मग'च्या जागी 'हळूहळू' घातलं. तेवढ्याने वाक्याला लय आली.

"क्या बात है!" राजीव मनापासून म्हणाला. "हात आहे तुमचा लिहिता. आता स्टार द्या, की टाकतोच साइटवर."

निहारिका वळली. "शैलेंद्र, तूच सांग. किती द्यायचे?"

"मी कुठे बघितलीय फिल्म?"

"बघितलंस की आत्ता. सांग."

शैलेंद्रने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि तिच्याकडे बघत, चावता चावता म्हणाला, "तीन."

तिने तीन स्टार भरले.

"चार करा हो वहिनी," राजीव समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तीन दिसले, की कोणी हातसुद्धा लावत नाही."

त्याचा हात की-बोर्डकडे येत होता. निहारिकाने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"मग तीनच राहू देत."